न पाहिलेल्या चित्रपटाविरुद्धचे निवेदन

वाचकाचे पत्र

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह म्हणून काम पाहतो. एका थोर ऐतिहासिक पुरुषावरील आगामी हिंदी चित्रपटाचा ट्रेलर नुकताच सर्वांच्या मोबाइलवर आला. त्यातील एक संवाद आणि दरबारातील एक नाच पाहून मलाही वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. आता गावातील दोन-तीन संघटनांनी या चित्रपटावर बंदी घालावी असे निवेदन तयार केले असून ते जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे. ते वाचनालयाच्या लेटरहेडवर असावे, म्हणजे त्याला वजन येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमचे अध्यक्ष अनुकूल आहेत. रविवारी कार्यकारिणीची सभा आहे. पुण्यात शिकणारी माझी नात फोनवर म्हणाली, "आजोबा, न पाहिलेल्या सिनेमाविरुद्ध सही करणार? मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काय?" मला उत्तर सुचले नाही. सही केली नाही तर गावात माझ्या निष्ठेविषयी शंका घेतली जाईल, आणि केली तर नातीला तोंड कसे दाखवू? वादग्रस्त चित्रपटांवर जो संताप उसळतो, त्यास ते खरोखर पात्र असतात का? मी काय करावे?
— एक कार्यवाह

उत्तर

आदरणीय कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. त्यांतील सोप्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. निवेदन आज ज्या स्वरूपात आहे, त्या स्वरूपात त्यावर सही करू नये, आणि वाचनालयाचे लेटरहेड तर मुळीच देऊ नये. दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण त्याला एका शब्दात उत्तर नाही. काही चित्रपट संतापास पूर्णपणे पात्र असतात. परंतु आपल्याकडे संताप बहुधा चित्रपटातील चुकीच्या जागेवर जाऊन आदळतो आणि जिथे खरोखर जाब विचारायला हवा होता ती जागा तशीच राहून जाते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. आपण चित्रपटाचे नाव कळवले आहे. ते मी येथे देत नाही, कारण तो आपल्याप्रमाणेच मीही पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या कलाकृतीविषयी जाहीरपणे बोलणे टाळावे हाच या उत्तरातील निम्मा सल्ला आहे.

'पद्मावत'चे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्याचा एक धागा आपल्याच भागातून गेला आहे. जानेवारी २०१७ मध्ये जयपूरच्या जयगड किल्ल्यावर चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक संजय लीला भन्साळी यांना मारहाण झाली. पुढे मार्च महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर उभारलेला याच चित्रपटाचा सेट रात्रीच्या वेळी जाळण्यात आला. अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वप्नात राणी पद्मिनी त्याच्यासोबत दिसते असे दृश्य चित्रपटात असल्याची बातमी पसरली होती आणि सगळा क्षोभ त्या दृश्यावर उभा होता. असे दृश्य नाही, असे दिग्दर्शक पुन्हा पुन्हा सांगत होते, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. डिसेंबरमधील प्रदर्शन लांबले, 'पद्मावती' हे नाव बदलून 'पद्मावत' झाले, चार राज्यांनी बंदी घातली आणि १८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुग्रामजवळ शाळकरी मुले बसलेल्या बसवर दगडफेक झाली. २५ जानेवारीला चित्रपट लागला, आणि ते दृश्य त्यात नव्हतेच. थोड्याच दिवसांत आंदोलन करणाऱ्या संघटनेच्या मुंबईतील गटाने, चित्रपटात राजपुतांच्या शौर्याचा गौरवच आहे, असे सांगून विरोध मागे घेतल्याचे पत्र काढले. मूळ संघटनेने हात झटकले ही गोष्ट निराळी. त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत 'पद्मावत'ची गणना झाली.

आता त्या चित्रपटात खरोखर काय होते ते पाहा. शेवटी चितोडच्या स्त्रियांचा जौहर आहे. लाल वस्त्रांतील स्त्रियांची रांग आगीकडे चालत जाते, त्यात एक गर्भवती स्त्री आहे आणि एक लहान मुलगीही आहे, आणि हे सारे इतक्या देखणेपणाने, इतक्या संथ वैभवाने चित्रित केले आहे की मरण हाच स्त्रीचा उत्सव वाटावा. राजस्थानातच १९८७ साली देवराळा येथे एका अठरा वर्षांच्या विधवेला चितेवर जळताना हजारो लोकांनी पाहिले होते आणि त्यानंतर सतीप्रथेचे उदात्तीकरण करण्यास मनाई करणारा कायदा देशाला करावा लागला होता. या पार्श्वभूमीवर त्या शेवटाबद्दल दिग्दर्शकाला कठोर प्रश्न विचारायला हवे होते. काहींनी ते विचारलेही. खिलजी हा राजा न दाखवता कच्चे मांस ओरबाडणारे जनावर म्हणून का रंगवला, हा दुसरा प्रश्नही तितकाच योग्य होता. पण वर्षभर नसलेल्या दृश्यासाठी सेट जळत होते, बक्षिसे लावून नाक कापण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, आणि अशा वेळी जो कोणी चित्रपटावर गंभीर टीका करील तो आपोआप धमक्या देणाऱ्यांच्या पंक्तीला बसवला जाई. त्यामुळे ज्यांना चित्रपटाच्या स्वातंत्र्याची चाड होती ते त्याच्या दोषांविषयी मऊ झाले. संतापाने टीकेची जागा खाऊन टाकली, आणि दिग्दर्शक त्या प्रश्नांची उत्तरे न देताच सुटला.

संताप योग्य कधी असतो, यासाठी मला 'बँडिट क्वीन' हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. शेखर कपूर यांचा हा चित्रपट १९९४ सालचा. ज्या फूलनदेवीची ही कथा, ती तेव्हा जिवंत होती आणि त्याच वर्षी तुरुंगातून बाहेर आली होती. तिच्यावर झालेले अत्याचार तिच्या संमतीवाचून पडद्यावर दाखवले गेले, चित्रपट तिला आधी दाखवला गेला नाही, अशी तक्रार घेऊन ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. चित्रपट कलात्मक आहे, त्याचा हेतू अत्याचार करणाऱ्यांना उघडे पाडण्याचा आहे, हे सारे मान्य केले तरी तिचा प्रश्न शिल्लक राहतोच: माझ्यावर झालेल्या बलात्काराचे चित्र जगाला दाखवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्या प्रश्नापुढे मला आजही चित्रपटाच्या बाजूने समाधानकारक उत्तर सापडत नाही. पुढे निर्मात्यांशी तिची तडजोड झाली आणि तो दावा संपला. याच चित्रपटाविरुद्ध आणखी एक याचिका आली होती. ती गुज्जर समाजातील एका गृहस्थांची होती, आणि बाबू गुज्जर या डाकूच्या चित्रणामुळे आपल्या समाजाची मानहानी झाली असे त्यांचे म्हणणे होते. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळून चित्रपटाला प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रावर मोकळीक दिली. या दोन तक्रारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत स्वतःच्या देहाशी आणि आयुष्याशी बांधलेली व्यथा आहे, तर दुसरीत एका गुन्हेगाराची अब्रू म्हणजे संपूर्ण समाजाची अब्रू असे समीकरण मांडलेले आहे. आपल्याकडे मोर्चे निघतात ते प्रायः दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीसाठी. फूलनदेवीसाठी मोर्चा निघाल्याचे मला स्मरत नाही.

दुसरा योग्य संताप असतो तो पडद्यावर सत्य म्हणून मांडलेल्या असत्यावर. 'द केरला स्टोरी'च्या टीझरमध्ये केरळमधील ३२,००० मुलींचे धर्मांतर होऊन त्यांना दहशतवादी संघटनेकडे नेले गेल्याचा दावा होता. हा आकडा कुठून आला, असे लोकांनी विचारले. प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर कागदावर देता येण्याजोगे होते, म्हणून तो टिकला. मे २०२३ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयात निर्मात्यांनी तो टीझर काढून टाकण्याची तयारी दाखवली, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला सर्वोच्च न्यायालयात, या आकड्याला कोणताही अधिकृत आधार नाही आणि हे घटनांचे काल्पनिक रूप आहे, असा खुलासा चित्रपटाला जोडण्याचे त्यांना मान्य करावे लागले. त्याच दिवशी, त्याच आदेशात न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारने त्या चित्रपटावर घातलेल्या बंदीला स्थगिती दिली, हे मात्र आपल्या कार्यकारिणीला अवश्य सांगावे. खोटा आकडा मागे घ्यायला लावला आणि चित्रपट दाखवण्याचा मार्गही मोकळा ठेवला. टीका आणि बंदी या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. त्याच महिन्यात अकोल्यात याच चित्रपटाच्या निमित्ताने समाजमाध्यमावर पडलेल्या मजकुरावरून दंगल झाली आणि एका माणसाचा जीव गेला. म्हणून आपल्या मोबाइलवर आलेला ट्रेलरचा तो तुकडा, त्याखालच्या चिथावणीच्या ओळींसह, पुढे पाठवू नये. हे मी आपल्याला सांगण्याची गरज नसेल, पण वाचनालयाच्या समूहातील इतर सदस्यांना सांगण्याची असू शकते.

आपल्या मनाला जे लागले ते इतिहासपुरुषाचे चित्रण आहे, म्हणून 'छावा'कडे वळतो. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा ट्रेलर आला आणि छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून गदारोळ उठला. राज्याच्या मंत्र्यांनीही आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि तो प्रसंग काढून टाकल्याचे जाहीर केले. मला हा आक्षेप दुबळा वाटला होता आणि आजही वाटतो. लेझीम हा काही हलका प्रकार नव्हे, तो आपल्या मातीतला मर्दानी खेळ आहे, आणि राजाने आनंदाच्या प्रसंगी आपल्या माणसांत मिसळावे यात त्याचे थोरपण कमी होते असे मानायला इतिहासाचा आधार लागत नाही, फक्त पुतळ्याकडे पाहण्याची सवय लागते. दुसरे मत असणाऱ्यांचा मी आदर करतो. मात्र तो प्रसंग कथेत कुठे येतो आणि कशासाठी येतो, हे पाहण्याची संधी त्यांनाही मिळाली नाही आणि मलाही मिळाली नाही. आपल्या पत्रातील दरबारी नाचाविषयी मला हीच शंका आहे.

त्याच चित्रपटाविरुद्ध दुसरी तक्रार प्रदर्शनानंतर आली, आणि तिची दखल मला अधिक गांभीर्याने घ्यावीशी वाटते. महाराजांना पकडून देण्यात गणोजी आणि कान्होजी यांचा हात दाखवल्यामुळे शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. चित्रपटात आडनाव किंवा गाव उच्चारलेले नाही असे दिग्दर्शकांनी सांगितले आणि दुखावलेल्यांची क्षमाही मागितली. आता तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कृत्यासाठी आजच्या वंशजांना बोल लावता येत नाही, हे आपण इतिहासाच्या तासाला मुलांना शिकवले असेलच. तरी गावोगावच्या कट्ट्यांवर बोल लावला जातो, शाळेत जाणाऱ्या पोरांना चिडवले जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. शिवाय फितुरी कोणी केली यावर इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा वेळी दिग्दर्शकाने कोणत्या साधनाच्या आधारे एक बाजू निश्चित केली, हे विचारणे सर्वस्वी योग्य आहे. लेझमीच्या प्रश्नावर सारे राज्य तापले आणि या प्रश्नावर मात्र एका घराण्याला जवळजवळ एकट्याने बोलावे लागले, ही विसंगती मला खटकली. पडद्यावरील छळाचा लांबलचक प्रसंग पाहून चित्रपटगृहांबाहेर पडणाऱ्या तरुणांच्या मनात काय चालले असेल, याचाही विचार ट्रेलरवर तुटून पडलेल्यांपैकी फार थोड्यांनी केला. त्यानंतर महिनाभराने नागपुरात दंगल झाली तेव्हा त्या चित्रपटाने लोकभावना चेतवल्याचा उल्लेख खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केला. दंगलीचे खापर मी चित्रपटावर फोडत नाही, कारण दगड हातात घेणारा माणूस स्वतः जबाबदार असतो. परंतु लेझीम की छळाचे दृश्य, यांपैकी कशावर चर्चा व्हायला हवी होती, हे आपणच ठरवावे.

आणखी एक प्रकार उरतो, जो आपल्यासारख्या शिक्षकाने विशेष जपून पाहायला हवा. कधीकधी मन दुखावते ते चित्रपटाने खोटे सांगितले म्हणून नव्हे, तर खरे सांगितले म्हणून. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या जीवनावरील 'फुले' हा चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये ११ तारखेला लागायचा होता. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, चित्रपट प्रमाणन मंडळाने जातींच्या नावांसह काही शब्द बदलायला लावले आणि प्रदर्शन २५ तारखेवर गेले. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला ही गोष्ट आपण शाळेत शिकवत आलो आहोत. १८४८ मध्ये त्या शाळेसाठी पुण्यातील आपला वाडा देणारे तात्यासाहेब भिडे होते, हेही तितकेच खरे आहे, आणि चित्रपटाने दुसरी बाजू वगळली असती तर ती दाखवून देणे हे टीकाकाराचे काम ठरले असते. पण शेण फेकले गेले ते दाखवूच नका, ही मागणी इतिहासाला उद्देशून होते, चित्रपटाला उद्देशून नव्हे. आपले निवेदन तयार करणाऱ्यांनी ज्या संवादावर बोट ठेवले आहे तो खोटा आहे की केवळ ऐकायला कडू आहे, याची शहानिशा कोणी केली आहे का? बखरी, पत्रव्यवहार, समकालीन साधने यांत त्या प्रसंगाविषयी काय आहे, हे पाहण्यासाठी गावात वाचनालयाइतकी योग्य जागा नाही, आणि नेमक्या त्याच संस्थेकडून लोक फक्त लेटरहेड मागत आहेत!

आपल्या नातीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. न पाहता सही करू नये, हे तिचे खरे. परंतु आक्षेप घेणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याला विरोध करणे, असे तिला वाटत असेल तर ते बरोबर नाही. चित्रपट वाईट आहे, खोटा आहे, अपमानकारक आहे असे म्हणणे, त्याविरुद्ध लिहिणे, तो पाहू नका असे लोकांना सांगणे, शांतपणे फलक घेऊन उभे राहणे, हे सारे त्याच स्वातंत्र्यात बसते. रेषा ओलांडली जाते ती दुसऱ्याला पाहू न देण्याच्या टप्प्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यातील एका मॉलमध्ये 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडताना एका प्रेक्षकाला मारहाण झाली. त्या चित्रपटाने इतिहासाची मोडतोड केली असा आक्षेप होता, आणि त्यातील काही मुद्द्यांवर गंभीर चर्चा होऊ शकली असती. दुसऱ्या दिवसापासून बातमीत इतिहास राहिला नाही. मार खाल्लेला प्रेक्षक, पोलीस ठाणे आणि अटक एवढेच राहिले. १९९८ मध्ये मुंबईत, दोन स्त्रियांच्या प्रेमसंबंधांवरील 'फायर' या चित्रपटाचे खेळ बंद पाडण्यासाठी चित्रपटगृहांवर हल्ले झाले, चित्रपट पुन्हा तपासणीला गेला आणि मंडळाने तो पुन्हा एकही दृश्य न कापता संमत केला. फुटलेल्या काचांची भरपाई कोणाला करावी लागली असेल, याचा विचार आपल्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाच्या मालकांच्या संदर्भात करून पाहावा. निर्माता मुंबईत असतो, तिकीटखिडकी आपल्या गावात असते.

न्यायालयांनी या बाबतीत जी कसोटी लावली आहे, तिचा उगम महाराष्ट्रातच आहे, ही गोष्ट कार्यकारिणीला आवडेल. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दिलेल्या एका निकालात असे म्हटले होते की, शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या, धीट माणसांच्या दृष्टीने. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हे. १९८८ मध्ये फाळणीवरील 'तमस' ही गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवर चालू असताना ती थांबवावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती संपूर्ण पाहिली आणि मग स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरताना बोस यांचीच कसोटी स्वीकारली. पुढच्याच वर्षी, राखीव जागांच्या धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, मोर्चे आणि हिंसेच्या धमक्या येतात म्हणून चित्रपट रोखणे म्हणजे दमदाटीपुढे शरणागती होय आणि कायदा-सुव्यवस्था राखणे हे सरकारचे कामच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. म्हणजे आपल्या निवेदनात "अन्यथा होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील" असे नेहमीचे वाक्य असेल, आणि माझा तर्क आहे की ते असेलच, तर ते आधी खोडावे. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य निवेदनाला बळ देत नाही. उलट धमकी देणारी बाजू कोणती, हे ते लेखी कळवते.

आता व्यवहाराचे. जिल्हाधिकाऱ्यांना चित्रपटाचा आशय तपासण्याचा अधिकार नाही. त्यांचा संबंध शांतता राखण्यापुरता. आशयाविषयी म्हणणे मांडायचे असेल तर ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला आणि निर्मात्यांना पाठवावे, आणि ते नेमके असावे: अमुक संवाद, त्याचे ऐतिहासिक साधनांतील स्वरूप, ग्रंथाचे नाव, पृष्ठ, आणि आपली विचारणा. ट्रेलरवरून पाठवत असाल तर "हा आक्षेप केवळ ट्रेलरपुरता आहे" असे पहिल्याच ओळीत लिहावे. बंदीची मागणी त्यात नसावी. अशा पत्राला मोर्चाइतकी प्रसिद्धी मिळत नाही, आणि उत्तर येईलच असेही नाही. तरीही निर्मात्याच्या कार्यालयात ज्या कागदाने अस्वस्थता निर्माण होते तो हाच असतो, कारण घोषणांना उत्तर देण्याचे कौशल्य त्यांच्याकडे भरपूर असते आणि वाद पेटला तर तिकिटेही खपतात, मात्र पृष्ठ क्रमांकाला पृष्ठ क्रमांकानेच उत्तर द्यावे लागते.

गावाच्या शंकेची भीती आपण बोलून दाखवली आहे, आणि ती मी क्षुल्लक मानत नाही. पुण्या-मुंबईत बसून सही करू नका असे सांगणे सोपे असते. ज्याला त्याच बाजारातून रोज जावे लागते त्याला ते महाग पडते. म्हणून सभेत आपण विरोधाने सुरुवात करू नये असे मला वाटते. मला वाईट वाटले, असे प्रथम सांगावे, कारण ते खरे आहे आणि ते ऐकल्यावर निष्ठेचा प्रश्न बराचसा निकालात निघेल. नंतर वाचनालयाच्या नावाने काय जाऊ शकते आणि काय जाऊ शकत नाही, हा मुद्दा घ्यावा. संस्थेचे सभासद निरनिराळ्या मतांचे आहेत, संस्थेला शासनाचे अनुदान मिळत असेल तर तिची जबाबदारी आणखी वाढते, आणि ज्या संस्थेच्या कपाटांत एकमेकांशी भांडणारी पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात तिने एखादी कलाकृती न पाहताच बंद करा म्हणावे हे तिच्या कामाशी विसंगत आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी ती व्यक्तिशः करावी, त्यांना कोणी अडवत नाही.

पर्याय म्हणून एक ठराव आपणच मांडावा. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दहा-बारा सभासदांनी तो पाहावा, त्यांत निवेदन लिहिणाऱ्या संघटनांचे दोघे-तिघे अवश्य असावेत, आणि पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात जाहीर चर्चा ठेवावी. त्या चर्चेसाठी संबंधित काळावरील जी साधने वाचनालयात आहेत ती टेबलावर मांडून ठेवावीत. नातीला सवड असेल तर तिलाही बोलवावे. तिने चित्रपट पाहून यावे, आणि तो खरोखरच वाईट निघाला तर तसे म्हणण्याची तयारी ठेवून यावे, एवढी अट तिला घालावी. चर्चेअंती आपले मत चित्रपटाच्या विरोधात गेले तर ते स्पष्ट लिहून वर्तमानपत्राकडे पाठवावे. त्या लेखावर सही करायला मग मीही आपल्याला सांगेन.

हा ठराव फेटाळला जाऊन लेटरहेड देण्याचे बहुमताने ठरले, तर सभा सोडून जाऊ नये आणि राजीनाम्याची भाषाही करू नये. आपला विरोध आणि त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, ती नोंद पुढील सभेत वाचून कायम होईल याकडे लक्ष द्यावे, आणि कार्यवाह या नात्याने निवेदनावर आपली सही आवश्यक असल्याचे कोणी म्हटले तर "ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या पदाधिकाऱ्यांनी सही करावी" असे सुचवून तो कागद अध्यक्षांकडे द्यावा.